मस्करी : अर्थ, उगम आणि मर्यादा

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणच्या एस. टी. स्थानकावर मुंबईहून आलेला एखादा तरुण उतरतो. पाठीवर नवी पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. समोरून येणारा वाडीतला कुणी वडीलधारा त्याला विचारतो, ''काय झिला, मुंबयक जावन साहेब झालंस काय?'' तरुण हसतो, वाकून नमस्कार करतो आणि परतफेड म्हणून विचारणाऱ्याच्या पांढऱ्या झालेल्या केसांविषयी दोन शब्द बोलतो. दोघेही हसतात आणि वाटेला लागतात. या छोट्याशा व्यवहाराला मराठीत 'मस्करी' म्हणतात.

आता हेच वाक्य एखाद्या अनोळखी माणसाने, चारचौघांत, त्याच तरुणाला ऐकवले तर काय होईल? शब्द तेच, सूरही कदाचित तोच. पण या वेळी तो अपमान ठरेल. मस्करीचा अर्थ केवळ शब्दांत सापडत नाही. ती कुणी केली, कुणाची केली, कुणासमोर केली आणि तिला उलट उत्तर देण्याची मुभा समोरच्याला होती का, यावर तो ठरतो. कोशात 'थट्टा, विनोद, गंमत' असे पर्याय दिलेले असतात व ते बरोबरच आहेत. परंतु या शब्दाचा खरा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याचा उगम, त्याची भावंडे आणि तो ज्या समाजात रुळला तेथील रीत, या तिन्हींकडे पाहावे लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागात, ही रीत आजही स्पष्ट दिसते.

शब्द आला कोठून?

'मस्करी' हा शब्द मूळचा अरबी. अरबीत 'स-ख-र' या धातूपासून 'मस्खरा' हा शब्द होतो. ज्याला सारे हसतात तो, हास्यास्पद व्यक्ती किंवा वस्तू, असा त्याचा अर्थ. तेथून तो फारसीत गेला आणि लोकांना हसवणारा, विदूषक, या अर्थाने रूढ झाला. फारसीत भाववाचक रूप झाले 'मस्खरगी'. हिंदीत 'मसखरा' आणि 'मसखरी' ही रूपे आली. मराठीत 'ख'चा 'क' होऊन 'मस्करा' आणि 'मस्करी' झाले. दख्खनच्या सुलतानी राजवटींत फारसी ही दरबाराची भाषा होती आणि त्या काळात शेकडो शब्द मराठीत उतरले. शिवकालात रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचून राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण कचेरीतले शब्द बदलता येतात, ओटीवरचे बदलणे कठीण. बाजारात, घरात आणि गप्पांत रुळलेले 'मस्करी'सारखे शब्द तसेच राहिले. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या व १८५७ साली सुधारून निघालेल्या मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द आहे.

या अरबी धातूची आणखी एक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. त्याचा एक अर्थ हसणे, उपहास करणे. दुसरा अर्थ वश करणे, मोबदला न देता राबवून घेणे. याच धातूपासून झालेला 'सुख्रा' हा शब्द वेठ, म्हणजे आपल्याकडची बिगार, या अर्थाने वापरला जातो. ज्याला राबवता येते त्याला हसता येते, आणि ज्याला हसून खाली पाडले त्याला राबवणे सोपे जाते, असा अनुभव या एका धातूत साठवलेला आहे. कुराणाच्या ४९व्या अध्यायातील ११व्या वचनात हाच धातू आला आहे. एका लोकसमूहाने दुसऱ्याला हसू नये, कदाचित ते हसणाऱ्यांहून चांगले असतील, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. हसण्यात सत्तेचा वाटा असतो, ही जाण या शब्दाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

या शब्दाचा एक प्रवास पश्चिमेकडेही झाला असावा. मुखवटा या अर्थाचा इटालियन 'मास्केरा', स्पॅनिश व पोर्तुगीज 'मास्कारा' आणि इंग्रजी 'मास्क' हे शब्द अरबी 'मस्खरा'पासून आले, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. इतर काहींच्या मते त्यांचे मूळ चेटकीण किंवा भूत या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन 'मास्का' या शब्दात आहे. हा वाद मिटलेला नाही. पापण्यांना लावायच्या 'मस्कारा' या प्रसाधनाचे नाव मात्र या मुखवट्याच्याच कुळातले आहे.

संस्कृतातही 'मस्करिन्' असा शब्द आहे आणि त्यामुळे क्वचित गैरसमज होतो. पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'तील ६.१.१५४ या सूत्रात 'मस्कर' म्हणजे वेळू आणि 'मस्करिन्' म्हणजे परिव्राजक असे अर्थ दिले आहेत. पतंजलीने 'महाभाष्या'त सांगितले आहे की, हातात वेळूची काठी असल्यामुळे तो मस्करी नव्हे. कर्मे करू नका, शांतीच श्रेयस्कर आहे, असे सांगत फिरतो म्हणून तो मस्करी. आजीविक पंथाचा गोशाल याच्या नावामागचे 'मस्करी' किंवा पालीतील 'मक्खलि' हे विशेषण याच शब्दाशी जोडले जाते. आपल्या थट्टेच्या 'मस्करी'चा या संन्याशाशी काहीही संबंध नाही. केवळ रूपसाम्य आहे.

व्याकरण आणि वापर

'मस्करी' हे ईकारान्त स्त्रीलिंगी नाम आहे. एकवचनात 'मस्करीने', 'मस्करीत', 'मस्करीला' अशी रूपे होतात. अनेकवचन 'मस्कऱ्या'. 'मस्करा' हे पुल्लिंगी नाम व विशेषण. त्याचे सामान्यरूपही 'मस्कऱ्या' असेच होते. त्यामुळे 'त्याच्या मस्कऱ्या पुरे झाल्या' आणि 'त्या मस्कऱ्याला आवरा' या दोन वाक्यांतील शब्द दिसायला सारखे, पण मुळात वेगळे आहेत. दोन्हींतील 'ऱ्य' नीट लिहावा. 'मस्कर्या' असे लिहिणे चूक होय. 'मश्करी' हा उच्चार बोलण्यात ऐकू येतो, पण लेखनात 'मस्करी' हेच रूप प्रमाण मानले जाते.

हा शब्द प्रामुख्याने 'करणे' या क्रियापदाबरोबर येतो. 'तो तिची मस्करी करतो' या वाक्यात जिची मस्करी होते ती व्यक्ती षष्ठीत येते. 'तो तिच्याशी मस्करी करतो' असे म्हटले की अर्थ बदलतो. पहिल्या वाक्यात ती मस्करीचा विषय आहे, दुसऱ्यात ती मस्करीतली भागीदार आहे. विभक्तीच्या एवढ्याशा फरकात माणसाचे स्थान बदलते. मराठी बोलणारा हा फरक न शिकता पाळतो, हे भाषेचे मोठेपण.

'मस्करीत घेणे', 'मस्करीवर नेणे' म्हणजे गंभीर गोष्ट हसण्यावारी नेणे. 'ही मस्करी नव्हे' म्हणजे काम अवघड किंवा गंभीर आहे. मालवणीत ''मस्करी केलंय रे!'' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर पडते. ते केवळ खुलासा करत नाही. 'माझ्या बोलण्याचा राग धरू नकोस, आपले नाते पूर्वीसारखेच आहे' असा भरवसाही त्यात असतो.

जवळचे शब्द

मराठीत थट्टेच्या शब्दांचा मोठा गोतावळा आहे. थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी, टिंगल, टवाळी, खिल्ली, टर, रेवडी, टोमणा, कुचेष्टा, उपहास, हेटाळणी, अवहेलना. हे सारे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून वापरले जातात, पण त्यांची धार सारखी नाही. ती तपासण्याची एक सोपी कसोटी म्हणजे हसतो कोण, हे पाहणे.

मस्करी आणि थट्टा यांत दोघे हसतात. निदान दोघांनी हसावे अशी अपेक्षा असते. टिंगल-टवाळीत तिसरा हसतो. ती करण्यासाठी प्रेक्षक लागतो आणि ज्याची टिंगल होते तो हसत असला तरी मनातून हसत नाही. उपहासात बोलणारा स्वतःला एक पायरी वर उभे करून खाली पाहतो. कुचेष्टेत आणि हेटाळणीत हसणे उरतच नाही, केवळ दुखावणे उरते. अवहेलनेला तर शब्दांचीही गरज नसते. पाठ फिरवली तरी पुरते.

या शब्दांबरोबर येणारी क्रियापदेही बोलकी आहेत. मस्करी, थट्टा, चेष्टा 'करतात'. खिल्ली, टर, रेवडी 'उडवतात'. उडवलेली वस्तू दुरूनही दिसते, म्हणून येथे जमाव अभिप्रेत असतो. फिरकी 'घेतात', म्हणजे समोरच्याला बोलते करून त्याच्याच शब्दांत पकडतात. टोमणा 'मारतात', कारण तो शस्त्रासारखा लागतो.

यांतील काही शब्दांनी मूळचा अर्थ सोडला आहे. 'चेष्टा' म्हणजे संस्कृतात हालचाल, प्रयत्न. हिंदीतही तो प्रयत्नाच्या अर्थाने येतो. मराठीत मात्र हातवारे करून केलेल्या नकलेवरून म्हणा किंवा अन्य वाटेने म्हणा, तो थट्टेच्या जवळ आला. 'विडंबन' म्हणजे मूळचे अनुकरण. मराठीत त्याला मानहानी असाही अर्थ होता. आचार्य अत्रे यांच्या 'झेंडूची फुले'नंतर काव्याची हास्यकारक नक्कल हा अर्थ सर्वांच्या तोंडी झाला. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'तील सहाव्या अध्यायात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले असून त्यांची उत्तम, मध्यम व अधम पात्रांत वाटणी केली आहे. तेथील 'उपहसित' हा हसण्याचा एक प्रकार आहे, आजच्या अर्थाचा उपहास नव्हे. त्याच ठिकाणी भरताने हास्याचे 'आत्मस्थ' आणि 'परस्थ' असे दोन भेदही केले आहेत. स्वतः हसणे निराळे आणि दुसऱ्याला हसवणे निराळे, हा विवेक आपल्या परंपरेत जुना आहे. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त विनोदाची आवड टवाळाच्या पदरी टाकली, ती हसण्याच्या विरोधात नसून पोकळ हसण्याच्या विरोधात होती, असेच समजणे योग्य ठरेल.

मस्करीचे नाते

मस्करी कुणाची करावी याचे नियम कोठे लिहिलेले नाहीत, पण घराघरांत पाळले जातात. दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेहुणी, आजोबा आणि नातवंडे, ही मस्करीची नाती. सासरा आणि सून यांच्यात मात्र मस्करी चालत नाही. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो आणि त्याबद्दल मानाची भेट घेतो, तो 'कानपिळी'चा विधी म्हणजे रीतसर मान्य झालेली मस्करीच होय. नवे नाते जुळताना दोन्हीकडे थोडा ताण असतो. त्याला हसण्याची वाट करून दिलेली असते. जगातील अनेक समाजांत अशी ठरावीक थट्टेची नाती आढळतात आणि मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली त्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. जेथे जवळीकही आहे आणि कलहाची शक्यताही आहे, अशा नात्यांत थट्टा ही सुरक्षेची झडप म्हणून काम करते, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल.

मालवणी मुलखात हे नाते घराबाहेर वाडीपर्यंत पसरते. ''मेल्या, खंय होतंस इतके दिवस?'' हा प्रश्न बाहेरच्याला शिवी वाटेल. गावात तो आपुलकीचा असतो. 'मेल्या' म्हणण्याचा अधिकार मिळणे म्हणजेच घरचे होणे. म्हणूनच बाहेरून आलेल्या माणसाने, चार शब्द शिकून, लगेच तो अधिकार वापरू नये. मस्करीचा परवाना भाषेने मिळत नाही, सहवासाने मिळतो.

संकासुराची मुभा

या रीतीला देवळाच्या अंगणातही जागा आहे. कार्तिक महिन्यापासून सिंधुदुर्गातील गावोगावी जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावताराचे खेळ होतात. यालाच 'दहिकाला' किंवा मालवणीत 'धयकालो' म्हणतात, कारण पहाटे दहीहंडी फोडून खेळाची सांगता होते. वालावल, मोचेमाड, आजगाव, चेंदवण अशा गावांची नावे लावणारी दशावतारी मंडळे या परंपरेत प्रसिद्ध आहेत. खेळाचा पूर्वरंग 'आड दशावतार' या नावाने ओळखला जातो. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव अशी पात्रे येतात आणि त्यानंतर येतो संकासूर. काळा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो.

परंतु मरण्यापूर्वी त्याला बोलायला भरपूर वेळ मिळतो. नंतरच्या आख्यानातील राजे, ऋषी आणि देव भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. संकासूर बोलतो मालवणीत. त्याचे संवाद लिहिलेले नसतात. तो देवांची थट्टा करतो, पेटीवाल्याला डिवचतो आणि गावातल्या घडामोडींवर शेरे मारतो. पुढच्या रांगेत बसलेले मानकरीही त्यातून सुटत नाहीत. सकाळी पंचायतीत जे कुणी बोलू धजणार नाही, ते रात्री संकासूर बोलून जातो आणि ज्याच्यावर बोलला तोही हसतो. मुखवट्याचा शब्द आणि मस्करीचा शब्द एकाच मुळाचे असोत वा नसोत, दशावतारात त्यांची गाठ पडलेली आहे.

या मुभेला सीमा आहेत आणि त्या महत्त्वाच्या आहेत. संकासुराला रात्र ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे आणि शेवटही ठरलेला आहे. जो सर्वांना हसला, तो सर्वांच्या देखत हरतो. हसणारा स्वतः सुरक्षित राहून इतरांना हसत नाही. शिमग्यातील सोंगांना आणि बोंबांनाही अशीच काळाची सीमा असते. ती ओलांडली की काय होते, हे 'शिमगा गेला, कवित्व राहिले' ही म्हण सांगते. सण संपल्यावरही जो बोलतच राहतो, त्याची मस्करी उरत नाही. तिचा उपद्रव होतो.

बोलीचीच मस्करी

सिंधुदुर्गाच्या संदर्भात या शब्दाचा विचार करताना एक अप्रिय बाजूही मांडली पाहिजे. मस्करी करण्यात वाकबगार असलेल्या या माणसांची बोलीच दीर्घकाळ टिंगलीचा विषय होती. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात 'कुडाळी' या नावाने या बोलीची नोंद आहे. अभ्यासकाला ती नोंदण्याजोगी वाटली. मुंबईत चित्र वेगळे होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होण्यापूर्वी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि त्या जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईत गिरणीत, गोदीत आणि घरकामाला जात. घरगड्याचे खरे नाव काहीही असले तरी त्याला 'रामा' म्हणण्याची रीत होती. विनोदासाठी या 'रामा'चे हेल काढले जात. गड्याच्या बोलीला हसणे म्हणजे गड्यालाच हसणे. अरबी धातूत राबवणे आणि हसणे एकत्र का नांदतात, ते येथे दिसते.

गंमत अशी की, हाच माणूस सुट्टीत गावी आला की तेथेही मस्करीचा धनी होई. शहरात तो कोकण्या, गावात तो साहेब. त्याला मिळालेले 'चाकरमानी' हे नावही फारसी 'चाकर' या शब्दावरून आलेले. गावाने ते कौतुकाने आणि थोड्या थट्टेने वापरले. पण त्यातली चाकरी अनेकांना बोचत राहिली. २०२५ सालच्या गणेशोत्सवाच्या सुमारास शासकीय कामकाजात 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासीय' हा शब्द वापरावा, अशी सूचना राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी दिली, तेव्हा या जुन्या शब्दावर पुन्हा चर्चा झाली. काहींना बदल योग्य वाटला, काहींना आपले लाडके नाव गेल्याचे वाईट वाटले. दोन्ही भावना खऱ्या आहेत. घरच्या माणसाने म्हटलेला शब्द आणि परक्याने म्हटलेला शब्द यांतील अंतरच त्यातून दिसते.

या टिंगलीची दिशा बदलण्यात एका नाटकाचा वाटा मोठा आहे. राजापूर तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले. मालवण तालुक्यातील रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी (१९४७-२००७) यांनी त्यात तात्या सरपंच उभा केला. कोकणातील गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचा खेळ बसवतात आणि त्यात जो गोंधळ उडतो, तो या नाटकाचा विषय. पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून लिहिलेल्या कौतुकाच्या पत्राने त्याकडे रसिकांचे लक्ष वेधले आणि पुढे त्याने पाच हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडला. येथे मालवणी माणूसच मालवणी माणसाची मस्करी करत होता. कालपर्यंत ज्याच्या बोलीला नाट्यगृह हसत होते, तो आता स्वतः खुर्चीत बसून आपल्याच बोलीत हसू लागला. शब्द तेच होते. हसणाऱ्याची जागा बदलली होती.

याच मातीतले जयवंत दळवी (१९२५-१९९४). वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या या लेखकाने 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये गावातली माणसे त्यांच्या विक्षिप्तपणासह रंगवली, आणि 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने मराठीतील मान्यवर साहित्यिकांची फिरकी घेतली. ज्यांची फिरकी घेतली त्यांच्या पंक्तीतलेच ते स्वतः होते. ते दुरून दगड मारत नव्हते, पंगतीत बसून बोलत होते. संकासुराच्या मुभेचे हे लेखी रूप मानण्यास हरकत नाही.

तरीही 'वस्त्रहरण'च्या यशानंतर एक नवी अडचण उभी राहिली. मालवणी ऐकताच हसायचे, अशी सवय प्रेक्षकांना लागली. त्या बोलीत कुणी दुःख सांगू लागला तरी समोरचा हसण्याच्या तयारीत असतो. वि. कृ. नेरूरकर, महेश केळुसकर, दादा मडकईकर यांच्यासारख्या कवींनी मालवणीत कविता लिहिली, त्या कवितेकडे या दृष्टीनेही पाहायला हवे. बोलीला हसवता येते, तसे रडता, रागावता आणि विचारही करता आला पाहिजे. नाहीतर कौतुकाची मस्करीसुद्धा एक प्रकारची वेठ होऊन बसते.

मस्करीची कुस्करी

'मस्करीची कुस्करी होणे' हा वाक्प्रचार सर्वांना ठाऊक आहे. 'कुस्करणे' म्हणजे चुरगाळणे, चिरडणे. मस्करी करता करता समोरचा चिरडला जातो, असा त्याचा अर्थ. वृत्तपत्रांत 'मस्करी जिवावर बेतली' असे मथळे अधूनमधून येतात, त्यामागे बहुधा एकच गोष्ट असते. एकाला जी मस्करी वाटत होती, ती दुसऱ्याला केव्हाच मस्करी वाटेनाशी झाली होती, आणि ते त्याला बोलून दाखवता आले नव्हते.

कायद्यानेही या सीमेची दखल घेतली आहे. महाराष्ट्राच्या १९९९ सालच्या रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमात विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक त्रास होईल किंवा भीती, लाज वा संकोच वाटेल अशा कृत्यांचा समावेश असून चिडवणे आणि अंगलट येणारी थट्टा करणे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते व पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. वसतिगृहात नव्याने आलेला विद्यार्थी ज्येष्ठांना उलट उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तेथे 'आम्ही मस्करी करत होतो' हा बचाव पोकळ ठरतो. मस्करीची पहिली अटच तेथे पुरी होत नाही.

हीच कसोटी कार्यालयात, शाळेत आणि घरातही लावता येते. कारकून साहेबाची, विद्यार्थी शिक्षकाची, सून सासूची त्याच सुरात मस्करी करू शकते का? उत्तर 'होय' असेल तर ती मस्करी. 'नाही' असेल तर तिला दुसरे नाव शोधावे, आणि मराठीत अशा नावांची वाण नाही हे वर पाहिलेच. रंगावरून, जातीवरून, व्यंगावरून किंवा बोलीवरून केलेली थट्टा या कसोटीवर क्वचितच उतरते, कारण ज्याची थट्टा होते त्याच्याकडे परत फेकण्यासाठी तसलेच काही नसते.

चतुर्थी संपते, पाचव्या किंवा सातव्या दिवशी गणपती पाण्यात जातात आणि मुंबईच्या गाड्या पुन्हा भरू लागतात. स्थानकावर निरोप द्यायला तोच वडीलधारा येतो आणि जाता जाता आणखी एक मस्करी करतो. गाडी सुटल्यावर तरुण खिडकीतून हात हलवतो. शहरात पोचल्यावर त्याला पुष्कळ माणसे भेटतील, काही त्याच्याशी अदबीने बोलतील, काही त्याच्या हेलांना हसतील. पण ''काय झिला'' म्हणून त्याची मस्करी करणारे तेथे कुणी नसेल. पुढच्या चतुर्थीला तो गावी का येतो, याच्या अनेक कारणांपैकी हेही एक असावे.